चुकीचाच सेन्सर

थर्मामीटर नव्वदवर पोचला तरी गाडीच्या तापमान-मीटरचा काटा मध्याच्या जरासा वर येऊन थांबला, तेव्हा कृष्णात आप्पांनी स्टोव्ह बंद केला. किटलीतल्या पाण्यात तारेला बांधून सोडलेला पितळी सेन्सर त्यांनी चिमट्याने बाहेर काढला, फडक्यावर ठेवला आणि नापास होऊन आलेल्या नातवाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत राहिले.

"आता ह्येला काय झालं?" गुंडूने विचारलं.

"ह्यो न्हाय चालायचा."

"आप्पा, जरा नीट बघा. नव्वद डिग्रीला काटा जितं पायजे तितंच हाय. कारखान्यातनं गाडी भाईर पडली तवा सुदीक येवढा बरोबर नसंल."

"त्येच म्हणतोय मी. लई बरोबर हाय."

गुंडूने हातातला पाना बाकावर ठेवला. निपाणीत जुन्या हायवेला लागून त्याचं गॅरेज होतं आणि या धंद्यात त्याला चाळीस वर्षं झाली होती. पार्ट डुप्लिकेट निघाला म्हणून अंगावर धावून येणारी गिऱ्हाइकं त्याने पोत्याने बघितली होती. पार्ट चांगला निघाला म्हणून तोंड पाडून बसलेलं गिऱ्हाईक त्याला हे पहिलंच. आणि हा चार दिवसांतला तिसरा सेन्सर होता. पहिला निपाणीतच मिळाला, दुसरा कोल्हापुराहून आला, तिसरा मोबाइलवरून मागवला. डॅशबोर्डातून काढलेला मीटर बाकावर, शेजारी बॅटरी, स्टोव्हवर किटली, असा संसार मांडून दोघांनी तिन्ही तपासले, आणि तिन्ही एकसारखे बरोबर निघाले.

"तुमास्नी नक्की काय पायजे ते तरी सांगा एकदा."

"नव्वदला काटा लालवर गेला पायजे."

"लालवर? आनि इंजिन?"

"इंजिन गारच ऱ्हायला पायजे. नुसता काटा चढला पायजे."

गुंडूने स्टूल पुढे ओढलं, आप्पांना त्यावर बसवलं आणि स्वतः टायरवर बसला. आप्पा पोस्टातून निवृत्त झालेले, शब्द मोजून बोलणारे गृहस्थ. त्यांचं डोकं फिरलंय असं म्हणायला त्याची जीभ रेटेना.

"वैनीसाठी पायजे," आप्पा म्हणाले, आणि मग त्यांनी आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट सांगितली.

गाडी चौऱ्याऐंशी सालची फियाट, क्रीम रंगाची. आप्पांनी ती वापरलेलीच घेतली होती. ज्या तंबाखूच्या वखारीत त्यांच्या वडिलांनी जन्मभर पोती वाहिली, त्याच वखारवाल्यांच्या थोरल्या मुलाकडून. वस्तीत आलेली ती पहिली चारचाकी. दुसऱ्याच वर्षी तिचा सेन्सर गेला. त्या दिवशी बाजार बंद होता, आणि तेव्हा निपाणीत काम करणाऱ्या भावकू मिस्त्रीने डब्यातून हाताला लागला तो सेन्सर फिरवून बघितला. आटे बसले, काटा हलला, मिस्त्रीने हात पुसले. तो सेन्सर दुसऱ्याच कुठल्या गाडीचा आहे हे ना मिस्त्रीच्या ध्यानात आलं, ना आप्पांच्या. तेव्हापासून सपाटीला काटा पाऊणवर असायचा आणि चढ लागला की सरळ लाल पट्ट्यात जायचा.

पहिल्यांदा तो चढला तवंदीच्या घाटात. नवराबायको दोघंही घाबरली. आप्पांनी गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं आणि सुलाबाई पाण्याचा कॅन घेऊन टुणकन खाली उतरल्या. पुन्हा गाडीत बसताना आप्पा म्हणाले होते, "मी रस्ता बघतो, तू काटा बघ." सुलाबाईंनी ते काम अंगाला लावून घेतलं ते कायमचंच.

कुठलंही काम त्या तसंच घेत. लग्नाआधी आणि नंतरही, पोरं शिकून मार्गाला लागेपर्यंत, त्यांनी विड्या वळल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि दिवसाची हजार विडी. हजार भरल्याशिवाय सुपावरून उठायचं नाही, हे त्यांना आईने शिकवलेलं. तहान लागली, पायाला मुंग्या आल्या, पाठ भरून आली, तरी बोटं चालूच. मध्ये उठलं की हाताची लय मोडते आणि दिवस फुकट जातो. सूप सुटून पंचवीस वर्षं झाली, पण सवय काही सुटली नाही. स्वयंपाक असो, दवाखान्यातली रांग असो की प्रवास, पुरा होईपर्यंत सुलाबाई हूं की चूं करायच्या नाहीत. पाठीच्या मणक्यांनी मात्र त्या हजार-हजारांचा हिशेब नीट लक्षात ठेवला होता.

"सेन्सर चुकीचा हाय ह्ये मला दोन-तीन वर्सांनी कळलं," आप्पा म्हणाले. "कोल्हापुरात एकानं रेडिएटरमदी थर्मामीटर घातला आनि हासला. म्हणाला, तुमचं इंजिन गार हाय, काटाच थापाडा हाय. मी तितंच बरोबर सेन्सर घेटला. दुसऱ्या दिवशी बेळगावला चाललोतो. म्हटलं, आल्यावर बसवू. सेन्सर खिशात तसाच."

"मग?"

"मग तवंदीत काटा चढला. ही म्हणाली, थांबवा. मी सांगणार हुतो, अगं ते खोटं हाय. तवर ही उतरली बी. मी आपला बॉनेट उघडून हुबा. तिकडनं बॉनेटआड मी तिला दिसत न्हवतो, पर फटीतनं ती मला दिसत हुती. तिनं कॅन खाली ठेवला, दोनी हात कमरंवर घेटलं, मागं वाकली, आनि म्हणाली, आई गं. अशी म्हणाली गुंडू, की मी बॉनेटआड तसाच वाकून ऱ्हायलो. तवर मला ठावंच न्हवतं तिला दुखतंय म्हणून. घरात कधी म्हणाली न्हवती."

गुंडूने बसलेला टायर जरा पुढे सरकवला.

खिशातला तो बरोबर सेन्सर आप्पांनी दुसऱ्या दिवशी कुणाला तरी देऊन टाकला. पुढची वीस-बावीस वर्षं बेळगावच्या प्रत्येक फेरीला तवंदीत एकदा आणि वंटमुरीच्या घाटात एकदा काटा चढला, सुलाबाईंनी "थांबवा" म्हटलं आणि आप्पांनी गारेगार इंजिनात गंभीर चेहऱ्याने डोकं खुपसलं. दहा-पंधरा मिनिटं त्यांनी बॉनेटआडून वर बघितलं नाही. तेवढ्यात पलीकडे सुलाबाई चार पावलं चालायच्या, वाकायच्या, पाठ मोकळी करून घ्यायच्या. स्वतःसाठी न थांबणारी बाई गाडीसाठी थांबायची. आप्पांना याहून काही नको होतं.

मागच्या महिन्यात सेन्सर मेला. काटा तळाला जाऊन पडला. तरी आप्पा निघाले. वाटेत त्यांनी स्वतःहून एका धाब्यासमोर गाडी उभी केली, तर सुलाबाई म्हणाल्या, "तुमी च्या घ्या, मी बसते." उतरल्याच नाहीत. गाडीला पाणी नको असेल तर उतरून करायचं काय, असा त्यांचा साधा हिशोब. निपाणी ते बेळगाव त्या एका बैठकीत गेल्या आणि लेकीच्या दारात त्यांना गाडीतून उतरताच येईना. पारमिताने आणि जावयाने दोन्ही बाजूंनी धरून त्यांना आत नेलं. पंधरा दिवस त्या अंथरुणावर होत्या. डॉक्टरांनी बोट दाखवून बजावलं होतं की अर्ध्या तासाच्या वर सलग बसायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी उठता येईलच असं नाही. सुलाबाई त्यांना "व्हय, व्हय" म्हणाल्या होत्या.

आणि येत्या रविवारी पारमिताच्या नव्या घरात बुद्धवंदना होती. लेक कॉलेजात शिकवते, तिने स्वतःच्या कमाईवर बांधलेलं घर. तिथं पहिली मेणबत्ती आईनेच लावायची असं ठरलं होतं. सुलाबाईंना कुणी अडवणं शक्य नव्हतं. पारमिताने गाडी पाठवते म्हटलं, तर म्हणाल्या, बंद काचांच्या गाडीत मला मळमळतं, आपली गाडी असताना कशाला.

"आज गुरुवार," आप्पा म्हणाले.

गुंडूने डोकं खाजवलं. "आप्पा, मी म्हणतो, काटा कशाला पायजे? तुमीच सांगा की वैनीला, गाडी तापलीया, उतर."

"आनि सकाळी शील म्हणायला कुठल्या तोंडानं बसू?"

आप्पा रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे बसून पंचशील म्हणायचे. खोटं न बोलण्याचं चौथं शील त्यांनी पोस्टातल्या नोकरीत पाळलं होतं. त्यासाठी दोन साहेबांशी वाकडंही घेतलं होतं.

"व्वा," गुंडू हसायला लागला. "आनि काट्यानं खोटं बोललं तर चालतंय व्हय?"

"काट्यानं कुठं शील घेटल्यात?" आप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं.

गुंडूचं हसू हळूहळू थांबलं. त्याने तो तिसरा सेन्सर कागदात गुंडाळला. "भावकू मिस्त्री हाय अजून. सांबऱ्याला पोराजवळ असतोय. त्यानं काय बसवलंतं ते त्यालाच ठावं."

शुक्रवारी सकाळी आप्पा एसटीने बेळगावला गेले आणि तिथून सांबऱ्याच्या बसमध्ये बसले. खिशात रुमालात बांधलेला मेलेला सेन्सर होता. त्यावरचा नंबर केव्हाच झिजून गेलेला. भावकूचं घर विमानतळाच्या भिंतीपासून जवळच निघालं. म्हातारा अंगणात खुर्चीवर बसून सायकलच्या चेनला तेल सोडत होता. आप्पांनी ओळख दिली आणि रुमाल सोडून सेन्सर त्याच्या तळहातावर ठेवला. भावकूने तो डोळ्यांजवळ नेला, उलटा केला, आणि त्याचा चेहरा पडला.

"ह्यो मी बसवलतो?"

"व्हय. फियाटला."

"ह्यो फियाटचा न्हवं. डिझेल टेंपोचा हाय ह्यो." तो आप्पांकडे बघेना. "चुकलं बगा माझं. त्यावेळी काम लई असायचं. इंजिन बसलं काय तुमचं? येवढ्या वर्सांनी सांगाय आलाय म्हणजे..."

"मिस्त्री, इंजिन झकास हाय. मला असलाच आनि एक पायजे."

वरून विमान गेलं. त्याचा आवाज विरेपर्यंत भावकू तोंड उघडं टाकून बसला होता. आप्पांनी त्याला सगळं सांगितलं. गुरुवारी एकदा सांगून झाल्यामुळे असेल, आज शब्द जरा सोपे गेले. ऐकताना भावकूने तेलाचा डबा खाली ठेवला आणि हात धोतराला पुसले.

"आमची जयाबाई बी असलीच," तो शेवटी म्हणाला. "डॉक्टर इचारायचा, काय हुतंय? ही म्हणायची, बरं हाय. पोटात येवढी गाठ. आमास्नी कळलं तवा दोनच म्हैनं ऱ्हायलं हुतं. मी म्हटलं, अगं मला तरी सांगायचं. तर म्हणाली, तुमचं काम चाललंतं न्हवं?"

त्याने डोळे पुसले नाहीत, नुसता उठला आणि आत गेला. आतून पत्र्याच्या डब्यांचा आवाज येत राहिला. अर्ध्या तासाने तो तीन सेन्सर घेऊन आला. एकाचे आटे गेलेले, एक सरळच मोठा. तिसरा आप्पांच्या सेन्सरशेजारी ठेवला तर जुळा भाऊ शोभला असता.

"माझी चूक हुडकत कोण येईल असं वाटलं न्हवतं," भावकू म्हणाला. "पर आप्पा, येक ध्यानात ठेवा. हेच्यावर इसंबून ऱ्हाऊ नका. खरंच तापली गाडी तर ह्यो येगळं सांगायचा न्हाय. आनि फोन नंबर देऊन जावा. काटा चढला का न्हाय ते मला कळलं पायजे."

शनिवारी गुंडूच्या गॅरेजात पुन्हा स्टोव्ह पेटला. थर्मामीटर ऐंशीवर आला तेव्हा काटा पाऊणवर होता. नव्वदवर गेला आणि काटा लाल पट्ट्यात शिरला. आप्पांनी आनंदाच्या भरात किटलीच उचलली आणि दोन बोटं भाजून घेतली.

घरी सुलाबाईंनी ती बोटं बघितली, काही न विचारता थंड पाण्याच्या वाटीत बुडवली आणि त्यांच्यासमोर बसल्या.

"काल कुठं गेलतासा?"

"सांबऱ्याला. गाडीचा पार्ट आणायला."

"येवढ्या लांब?"

"हितं मिळाला न्हाय."

इथवर सगळं खरंच होतं. आप्पांनी मनातल्या मनात तपासून घेतलं. सुलाबाईंनी वाटीतलं पाणी बदललं. संध्याकाळी आप्पा अंघोळीला गेले असताना फोन वाजला. ते बाहेर आले तेव्हा सुलाबाई उद्यासाठी करंज्यांचं पीठ मळत होत्या.

"भावकू म्हणून कुणाचा तरी फोन आलता. लई येळ बोलला. काटा नीट चाललाय का म्हणून इचारत हुता."

"मग?"

"म्हटलं, चाललाय."

"आनि काय म्हणाला?"

"काय न्हाय," सुलाबाई म्हणाल्या आणि पिठाचा गोळा उलटा करून पुन्हा जोराने मळायला लागल्या. आप्पांना त्या पिठाची जरा दयाच आली.

रविवारी सात वाजता दोघं निघाले. सुलाबाई पांढऱ्या साडीत, मांडीवर करंज्यांचा डबा, पायाशी पाण्याचा कॅन. बसताना त्यांनी दाराची कड धरली आणि ओठ आत घेतले, तेवढंच. आप्पांनी ते बघितलं. पण तवंदी काही लांब नव्हती. दहा-पंधरा मिनिटांत काटा चढेल, ही उतरेल, असं मनाशी म्हणत त्यांनी गाडी हायवेला घेतली. त्यांच्या मनात परीक्षेला चाललेल्या पोरासारखी धाकधूक होती.

तवंदीचा चढ सुरू झाला. काटा पाऊणवर होता. आप्पांनी गाडी मुद्दाम वरच्या गिअरात ठेवून इंजिनाला दमवलं. काटा हलला, लाल पट्ट्याच्या कडेपर्यंत गेला आणि तिथेच थरथरत उभा राहिला. आप्पा मनातून त्याला ढकलत होते. तेवढ्यात चढ संपला, खिडकीतून गार वारं आलं आणि काटा गपगुमान पाऊणवर येऊन बसला.

आप्पांच्या तेव्हा ध्यानात आलं. रस्ता रुंद झाला होता, वळणं गेली होती, चढ कापून निम्मा केला होता. नव्या रस्त्याने ते गेल्या वेळीही आलेच होते, पण तेव्हा काटाच मेलेला, त्यामुळे कळायला मार्ग नव्हता. घाटच उरला नव्हता तर इंजिन तापणार कशाने? चार दिवस किटलीत पाणी तापवत बसले, सांबऱ्यापर्यंत जाऊन आले, आणि रस्त्याचा विचार त्यांनी एकदाही केला नव्हता.

"आज गाडी बरी चाललीया," सुलाबाई म्हणाल्या.

"व्हय," आप्पा म्हणाले.

संकेश्वर मागे पडलं. सुलाबाईंनी बैठक बदलली. थोड्या वेळाने पुन्हा बदलली. त्यांचा डावा हात दाराच्या मुठीवर घट्ट होता आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"जरा उतरूया का?" आप्पांनी विचारलं.

"कशाला? काटा जाग्यावर हाय न्हवं?"

आता एक वंटमुरी उरली होती. तिथला चढ तरी तसाच असू दे, असं आप्पा म्हणत होते. कुणाला म्हणत होते ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. मनातून त्यांना सारखा लेकीच्या दारातला तो दिवस दिसत होता. दोघांच्या खांद्यावर भार टाकून आत जाणारी सुला, आणि मान वळवून "मला काय झालं न्हाय" म्हणणारी. आज तसंच झालं तर मेणबत्ती कोण लावणार? आणि त्यानंतर ती उठलीच नाही तर? सारखी त्यांची नजर काट्याकडे जात होती. मागून एका ट्रकने कर्कश हॉर्न मारला आणि गाडी खडखडत रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याच्या आत आली.

"अवो, रस्त्याकडं बघा," सुलाबाई म्हणाल्या. "काटा बघायचं काम माझं हाय."

आप्पांनी मान सरळ केली. हत्तरगी गेलं. दोन्ही बाजूंना ऊस, रस्ता परातीसारखा सपाट, कुठे चढाचं नावसुद्धा नाही. सुलाबाई बराच वेळ समोर बघत होत्या. मग त्यांनी मांडीवरचा डबा उचलून पायाशी ठेवला.

"थांबवा."

आप्पांची नजर आधी काट्यावर गेली. तो पाऊणवर होता.

"अगं, काटा तर..."

"काट्याला काय झालं न्हाय," सुलाबाई म्हणाल्या. "मला दुखतंय."

आप्पांना ब्रेक सापडायला वेळ लागला. गाडी शंभर-दीडशे फूट तशीच पुढे गेली आणि मग उसाच्या कडेला उभी राहिली. त्यांनी इंजिन बंद केलं. हात सवयीने बॉनेट उघडायच्या दांडीकडे गेला.

"ते ऱ्हाऊ द्या. हिकडं या."

आप्पा उतरले. गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी येताना त्यांना वाट नवखी वाटली. इतक्या वर्षांत थांबल्यावर ते कधी या बाजूला आलेच नव्हते. त्यांनी दार उघडलं. सुलाबाईंनी एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, एक पाय खाली टाकला, दम घेतला, मग दुसरा टाकला. उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. शेजारून उसाचा ट्रॅक्टर गेला. वरच्या माणसाने वळून बघितलं. गाडीत पारमिताचा फोन वाजायला लागला आणि वाजून बंद झाला.

आप्पांना सगळं माहीत होतं. कोणत्या कुशीला झोपलं की ती रात्री कण्हते, सकाळी उठताना आधी भिंत का धरते, सगळं. पण विचारलं मात्र कधीच नव्हतं. बॉनेटआड उभं राहणं त्यांना सोपं गेलं होतं.

"कुठं दुखतंय गं?" त्यांनी विचारलं.

सुलाबाईंनी त्यांचा भाजलेल्या बोटांचा हात धरला आणि स्वतःच्या पाठीवर नेला. आप्पांनी तळवा हलकेच टेकवला.

"हितं?"

"न्हाय. जरा खाली."

आप्पांनी हात जरा खाली नेला.